सावल्यांचा होकार

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं आणि पुसून टाकलं. लिहायला बसलं की पहिला प्रश्न येतो, यात गुन्हेगार कोण? आणि मला तो सापडत नाही. कोणी लाच दिली नाही. कोणी घेतली नाही. धड कोणी खोटंसुद्धा बोललं नाही. तरी माझ्या मित्राच्या तोंडात दुसऱ्याच देशाचं भाषण आलं, आणि ते त्याला स्वतःचं वाटलं. मलाही वाटलं. ज्या यंत्रातून ते आलं ते मी चालवत होतो.

त्या देशाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा त्या देशाला शिव्या घालून मोकळा होतो. हे उद्या कोणीही करू शकतं.

मी विघ्नेश खवणेकर, धुरीबंदरचा. घरात आणि बंदरावर सगळे विगू म्हणतात. शिक्षण बारावी. बाकी सगळं फुकटचे व्हिडिओ बघून आणि दुसऱ्यांचे कॉम्प्युटर बिघडवून शिकलो. केतन मेथर माझ्या वर्गात होता. त्याचं घर रापणीचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोन्ही टोकांना वाडीतली माणसं लागतात आणि जे येईल त्याचे ओढणाऱ्यांत वाटे पडतात. केतन जाळं ओढायला आळशी होता, पण ओढणाऱ्यांची भांडणं सोडवायला त्याच्यासारखा कोणी नव्हता. दोन्ही बाजूंचं पूर्ण ऐकून घ्यायचा. मग असं काही बोलायचा की दोघांनाही वाटायचं, हा आपल्याच बाजूचा.

तो राजकारणात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त त्याच्या आईला, मालनकाकीला, वाटायचं की तो कधीतरी बँकेत लागेल.

आता यंत्राबद्दल. हे नीट सांगतो, पुढचं सगळं त्यावर आहे.

माणूस 'हो' म्हणतो ते दोन तऱ्हेचं असतं. तोंडदेखलं आणि आतून आलेलं. आतून येतं तेव्हा श्वास वेगळा पडतो, घसा वेगळा आवळतो, आवाजात एक बारीक थरथर असते. आपल्या कानाला ती कळत नाही, यंत्राला कळते. त्याला साधा फोनचा माइक पुरतो. दुसरी गोष्ट अशी, की पुष्कळ माणसं एकत्र जमून एखादी गोष्ट मनापासून मानतात तेव्हा त्यांचे श्वास एका लयीत येतात. यंत्र ती लय पकडतं. एकट्याच्या होकारापेक्षा अशा जमावाच्या होकाराला ते कितीतरी जास्त वजन देतं.

असं ऐकत ऐकत यंत्र प्रत्येक माणसाची एक सावली बनवतं. ती सावली त्या माणसासारखा विचार करते, त्याच्यासारखी बोलते. तुम्ही तिला नवा प्रश्न विचारू शकता, जो त्या माणसाला कोणी कधी विचारलाच नाही, आणि ती तो माणूस काय म्हणेल ते सांगते. मतदारसंघातल्या सगळ्या सावल्या एकत्र केल्या की खिशात मावणारा मतदारसंघ तयार. आम्ही त्याला नुसतं 'सावली' म्हणायचो.

आवाज यायचे दर्याखबर नावाच्या ॲपमधून. वारा, लाटा, वादळ सांगणारं ॲप. किनाऱ्यावर ते नसलेला फोन दाखवा. सभा, जत्रा, ग्रामसभा अशा चारचौघांतल्या ठिकाणी ते ऐकतं, हे ॲप घेतानाच लिहिलेलं असतं आणि सगळ्यांनी त्याला परवानगी दिलेली असते. कोणी वाचलेलं नसतं. यंत्राचा मूळ गाभा मी बनवलेला नव्हता. माझी तेवढी अक्कल नाही. तो परदेशात बनलेला, नीलतट प्रतिष्ठानने फुकट दिला. लोकशाही तळापर्यंत पोचावी, लहान उमेदवारालाही लोकांचं मन कळावं, असं त्यांचं म्हणणं. मी तो आमच्या बोलीवर बसवला. मालवणी त्याच्या डोक्यात घालता घालता माझे केस पिकायचे बाकी राहिले.

आणि ते चालायचं. बर्फाच्या कारखान्याची जागा कुठे हवी, यावर पुढारी आपापसांत भांडत होते तेव्हा सावलीने तिसरीच जागा सांगितली, आणि केतनने ती मांडल्यावर लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. जिल्हा परिषद तो त्याच्यावरच जिंकला. मग पक्षाने त्याला लोकसभेचं तिकीट दिलं. दिल्लीहून सांगितलं, पोरगा किनाऱ्यावरचा आहे, निवडून आला तर परराष्ट्र समितीत घेऊ. समुद्राचा विषय येतोय.

समुद्राचा विषय म्हणजे खोल समुद्र परवाना विधेयक. त्या देशाची मोठाली जहाजं आपल्या हद्दीतल्या खोल पाण्यात मासे पकडणार, जहाजावरच साफ करून गोठवणार, तिथूनच पाठवणार. बदल्यात ते आपल्याला बंदरं, शीतगृहं आणि मैत्री देणार. मैत्री हा शब्द विधेयकात खरंच होता. दिल्लीत बहुमत काठावरचं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या जागा ज्या बाजूला जातील तिकडे विधेयक जाणार.

केतन पहिल्यापासून विरोधात. "बारक्या माशाचो बाप खोल पाण्यात ऱ्हवता," तो म्हणायचा. "बापाकच नेल्यानी तर रापणीत काय गावतला, शेवाळ?"

मग एके दिवशी आम्ही सावलीला विचारलं. प्रचार कार्यालयात, जेवणं झाल्यावर, सहजच.

दहातल्या सात सावल्या करार हवा म्हणाल्या. आणि नुसत्या हवा म्हणाल्या नाहीत. होकाराचं वजन इतकं होतं की मी आधी यंत्र बंद करून परत चालू केलं.

"परत इचार," केतन म्हणाला.

परत तेच.

"रापणीवाल्यांचा वेगळा काढून बघ."

काढलं. ते तर जास्तच.

केतन खुर्चीत मागे टेकून बसला. मग म्हणाला, "विगू, मी स्वतःक शाणो समजत व्हतंय. लोकांका काय व्हया ता माका म्हायतच नव्हता."

"तू तुझा मत कित्याक सोडतंस?"

"माझा मत? मी कोण? मी तेंचो माणूस. उद्या दिल्लीत जाऊन माझा मत सांगू की तेंचा?"

मला तेव्हा वाटलं, ह्याच्यासारखा प्रामाणिक उमेदवार उभ्या देशात नसेल.

पुढच्या सभेपासून त्याचं बोलणं बदललं. एकदम नाही. आधी म्हणाला, विचार करायला हरकत नाही. मग म्हणाला, जगाशी भांडून कोणी मोठं झालं नाही. मग एक दिवस मी मंडपाच्या कडेला उभा राहून ऐकलं, तो म्हणत होता, आपला दर्या हा दोन देशांमधला पूल आहे. टाळ्या पडल्या. केतन कधी पूल वगैरे बोलणारा माणूस नव्हता. ते वाक्य सावलीने सुचवलेलं होतं. लोकांना आवडेल म्हणून.

नीलतटचे निरंजन देवस्थळी अधूनमधून यायचे. गोरेपान, हसरे, सुती सदरा. कोणाच्याही घरात गेले की आधी म्हाताऱ्यांच्या पाया पडायचे. कराराबद्दल त्यांनी केतनकडे एक अक्षर काढलं नाही. मला विचारायचे, "मालवणीतली क्रियापदं जमली का हो?" मला ते आवडायचे. अजूनही पूर्ण नावडत नाहीत, हीच पंचाईत आहे.

मला कळलं ते असं.

यंत्र बरोबर चाललंय ना हे तपासायची माझी एक रीत होती. मी माझ्या स्वतःच्या सावलीशी बोलायचो. दुसऱ्या कोणाची सावली खरी की खोटी हे मी कसं सांगणार? पण माझी मला कळते. तिला विचारायचो, आज काय खाऊया, अमक्याबद्दल काय वाटतं. शंभरातल्या नव्याण्णव वेळा ती मी जे म्हणालो असतो तेच म्हणायची. शिव्यासुद्धा माझ्याच.

प्रचार अर्ध्यावर आलेला. चहा पिता पिता मी तिला विचारलं, जहाजांच्या कराराबद्दल तुझं काय मत?

स्पीकरमधून माझा आवाज आला. "येऊंदेत रे जहाजा. बराच आसा. आपण मागलेलाच आसा ना."

मी कप खाली ठेवला. कारण माझं काही मतच नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. मी कधी त्या कराराचा दोन मिनिटं बसून विचार केलेला नव्हता. माझं काम यंत्र चालवणं. मत केतनचं, नाहीतर लोकांचं.

"मी कदी मागलंय?"

"मनापासून मागलंस. आयकवू?"

आणि तिने आवाज लावला.

ढोल. गर्दी. लहान पोरांच्या पिपाण्या. जत्रा होती, आमच्याच देवळातली, गेल्या डिसेंबरातली. मग सगळं शांत झालं आणि बाबी घाडीचा खणखणीत आवाज आला. तो गाऱ्हाणं घालत होता.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्याकडे गावाच्या वतीने एक माणूस देवासमोर उभा राहून मागणं मागतो. तो एकेक वाक्य म्हणतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. कोणी वाक्य ऐकतं, कोणी ऐकत नाही. कोणी नारळ सांभाळत असतो, कोणी शेजारच्याशी बोलत असतो. पण वाक्य संपलं की तोंडातून 'व्हय म्हाराजा' जातंच. पाळण्यात असल्यापासून सवय. श्वाससुद्धा तिथेच घेतला जातो, सगळ्यांचा एकदम.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे गोळा झाली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची होडी अडली आसात, ती पार लाव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या पोरांका घराकडेच काम गावांदे..."

"व्हय म्हाराजा!"

"परमुलखातसून मोठी जहाजा येतली, तेंच्या पायान दर्याक बरकत येवंदे, तेंचो आमचो सलोखो होवंदे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

त्या शेवटच्या हाकेत माझा आवाज होता. स्पष्ट. माझ्या शेजारी मालनकाकीचा, सगळ्यांत वरच्या पट्टीत. सावल्यांवर नावं नसतात, पण मालनकाकीचा आवाज ओळखायला नाव लागत नाही. त्या आवाजाने तिने आम्हाला लहानपणी पाण्यातून बाहेर काढलेलं आहे.

यंत्राच्या दृष्टीने तो पुरावा जबरदस्त होता. शेकडो माणसं, एक श्वास, एक आवाज, थरथर अस्सल. भक्तीची थरथर होती ती. यंत्राने ती जहाजांच्या नावे मांडली. ज्या देशात ते यंत्र बनलं तिथे माणसं मान्य असल्याशिवाय एकत्र हो म्हणत नसतील. आमच्याकडे म्हणतात. आणि जत्रेचं रेकॉर्डिंग यंत्रात मीच घातलं होतं. अभिमानाने. म्हटलं होतं, अख्खा गाव एकत्र येतो तो जत्रेलाच, ह्याहून चांगला आवाज कुठे मिळणार!

मी बाबी घाडीकडे गेलो. तो माडाखाली झावळ्या विणत बसलेला.

"ता जहाजांचा वाक्य कोणी घालूक सांगल्यान?"

"त्या नीलतट संस्थेच्या बायन. ती लायटी नि भोंगे देणारी. बरी बाय. म्हणाली, बाबीकाका, गावाच्या भल्याचे चार शब्द घालूया." तो वर बघून हसला. "कित्या? देवाक राग इलो?"

"तुका ता जहाजांचा काय म्हायत आसा?"

"माका काय म्हायत असूक व्हया? मी रस्तो मागतंय, पाणी मागतंय, कोणाच्या सुनेक झील मागतंय. जहाज मागलंय. देवाकडे वायट कोण मागता रे? नको आसात तर देव देवचो नाय."

त्याचं काय चुकलं? मी घरी येऊन बाकीच्या गावांची रेकॉर्डिंगं काढली. किनाऱ्यावरच्या बहुतेक जत्रांत तेच वाक्य, थोडं फिरवून. आमच्या मतदारसंघाच्या खाली आणि वर दुसऱ्या राज्यांत असंच काहीतरी असणार, त्यांच्या त्यांच्या रीतीचं. कुठे भजनात, कुठे आरतीत, कुठे होड्यांच्या पूजेत. प्रत्येक उमेदवाराच्या खिशात सावली होती. सगळ्यांना नीलतटनेच दिलेली. नीलतटचा पैसा कुठून येतो ते शोधलं, तर जहाजं ज्या देशाची तिथूनच.

देवस्थळींना फोन केला. वाटलं होतं, नाकारतील. ते म्हणाले, "उद्या येतोच आहे तिकडे. जेवायला बसू."

खानावळीत त्यांनी सोलकढी दोनदा मागून घेतली.

"विघ्नेश, एक सांगा. आम्ही केतनरावांना पैसे दिले?"

"नाही."

"कराराच्या बाजूने बोला असं सांगितलं?"

"नाही."

"मग? परदेशी पैसा उमेदवाराला द्यायला कायद्याने बंदी आहे. आम्ही दिलाच नाही. जत्रेला दिवे दिले. देवाकडे मैत्री मागितली, तर तो कुठल्या कलमाखाली गुन्हा होतो?"

"तुम्ही लोकांचं मत बनवलंत. खोटं."

"लोकांना हात लावला नाही हो. लोकांना वळवायला जन्म जातो, खर्च होतो, बोभाटा होतो. उमेदवाराला वळवायला गेलं तर तो चिडतो नाहीतर विकला जातो, आणि विकलेला माणूस काही कामाचा नसतो." ते अगदी शिकवणीला बसल्यासारखं समजावत होते. "प्रामाणिक माणूस फक्त लोकांचं ऐकतो. आम्ही तो जिथे कान लावतो तिथे थोडी व्यवस्था केली. एवढंच."

"मी केतनला सांगणार."

"सांगा ना." ते खरंच हसले. राग नव्हता त्यात. "त्यांचीही सावली आहे की तुमच्याकडे. सांगण्याआधी तिला विचारून बघा, खरं कळल्यावर ते काय करतील. आम्ही विचारलेलं आहे."

केतनची सावली. मी ती कधी उघडलीच नव्हती. मित्राच्या खिशात हात घालण्यासारखं वाटायचं.

त्या दुपारी उघडली. सगळं सांगितलं, गाऱ्हाणं, बाबी, देवस्थळी. मग विचारलं, आता तू परवाच्या सभेत काय बोलशील?

तिने केतनच्याच आवाजात उत्तर दिलं.

ते उत्तर मी इथे लिहीत नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. एवढंच सांगतो की ते ऐकल्यावर केतनला सांगावं की नाही, ह्यावर मी एक अख्खा दिवस घालवला. माणूस पुढे काय करणार हे आधीच माहीत असलं की त्याच्याशी बोलायचं कशाला, असं वाटायला लागतं. ही भावना फार वाईट आहे. मला तो मित्र नाही, यंत्र वाटायला लागला होता.

सभेच्या दिवशी सकाळी मी त्याला प्रचाराच्या गाडीतून खाली उतरवलं आणि किनाऱ्यावर नेलं. शेवटची मोठी सभा होती. दिल्लीचे नेते येणार होते, आणि केतन त्यांच्यासमोर करारामागे उभं राहायचं जाहीर वचन देणार होता. एकदा दिलं की मागे फिरणं नाही.

मी सगळं सांगितलं. त्याच्या सावलीचं सोडून. त्याने आवाज ऐकले. आईचा आवाज आला तेव्हा फोन माझ्या हातातून घेतला आणि परत लावला.

"म्हणजे आयेन पण..."

"सगळ्यांनी. मी पण. तू खय व्हतंस तेव्हा?"

"बाहेर. कोणाचो तरी फोन इल्लो." तो वाळूत बसला. मग उठला. "चल. इचारूया."

"कोणाक?"

"आयेक! आणि कोणाक? आवाज ऱ्हवंदे. तोंडान इचारूया."

त्याच्या डोळ्यांत आशा होती. माझ्याही. आई नाही म्हणाली की झालं, सावली खोटी. दुपारपर्यंत दहा घरं फिरून नाही, नाही, नाही गोळा करायचं आणि सभेत मांडायचं.

मालनकाकी अंगणात खारवलेले बांगडे सुकत घालत होती. केतनला बघून म्हणाली, "काय मरे, आज पुढारी घराकडे? मता संपली की काय बाजारात?"

"आये, एक सांग. ती परदेशातली जहाजा येवची काय नाय? तुका काय वाटता?"

"येऊंदेत की."

केतनने माझ्याकडे पाहिलं नाही. "कित्याक?"

"कित्याक म्हणजे?" ती बांगडे उलटत होती. "तू सांगतंस ना सभेत. त्या दिवशी किती बरा बोललंस, पूल काय, मैत्री काय. शेजारच्या शेवंतीक सांगलंय मी, आमचो केतन सांगता म्हणजे बराच आसतला. तो काय आमचा वायट करतलो?"

"पण तुझा, तुझा मत?"

"माझा मत तूच. माका काय कळता दिल्लीचा?" मग तिने मान वर केली. "काय रे? तोंड कित्या असा केलंस? खाल्लंस काय सकाळी?"

आम्ही आणखी घरं फिरलो. सगळीकडे तेच. केतन सांगता म्हणजे. केतन काय उगीच सांगतलो. एक म्हातारा तर केतनलाच कराराचे फायदे समजावायला लागला, केतनच्याच भाषणातले, शब्दही तेच.

म्हणजे बघा. केतनने लोकांचं ऐकलं आणि लोकांनी केतनचं. दोघंही खरे. मधे फक्त एक सावली होती, आणि तिच्यात कोणीतरी एक वाक्य सोडलं होतं. आता ते वाक्य खरंच लोकांचं झालं होतं. आता यंत्र फोडून टाकलं असतं तरी आकडा तोच आला असता.

केतन बंधाऱ्यावर बसला. खाली रापण ओढत होते, नेहमीसारखी आरडाओरड चाललेली.

"तू सांग," तो म्हणाला. "तुझा मत काय?"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं.

"बघ," तो म्हणाला. "तुका पण नाय. माका व्हता. बारक्या माशाचो बाप, तसा कायतरी बोलत व्हतंय मी. ता खरा व्हता काय? तेव्हा मी कोणाक इचारलंलंय? आजोबा बोलायचे म्हणान मी बोलायचंय. विगू, मी एकदा तरी माझा असा काय बोललंय काय रे?"

मी म्हटलं, "तू सभेत विरोधात बोल. मी रेकॉर्डिंग लावतंय सगळ्यांसमोर."

"आणि काय सांगू? की तुमी देवाक व्हय म्हटलात ता फसवणूक व्हती? बाबी घाडीक मारतले लोक. आणि देवाचा नाव घेऊन मता मागतंय म्हणान उद्या माकाच धरतले."

तो उठून गाडीत बसला. काय बोलणार ते सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सभेला खूप गर्दी होती. दिल्लीचे नेते बोलले, दर्या, देश, दोस्ती. मग केतन उठला. बाजूच्या पडद्यावर सावलीने तयार केलेलं भाषण होतं. त्याने त्याच्याकडे पाठ केली. माइक हातात घेतला.

मग म्हणाला, "माका म्हायत नाय."

लोकांना वाटलं, गंमत करतोय. हसले.

"खराच. ह्यो करार बरो की वायट, माका म्हायत नाय. मी तुमका बरो म्हणान सांगलंय. मी तो नीट वाचूक नव्हतंय. तुमका तो व्हयो आसा म्हणान माका कोणी सांगल्यान, आणि तुमका तो बरो म्हणान मी सांगलंय. कोणीच इचार करूक नाय. म्हणान आज मी वचन देणंय नाय. निवडून दिलात तर करार वाचतलंय, वाडीवाडीत येऊन वाचून दाखवतलंय, मग तुमी माझ्याशी भांडा. आज टाळ्यो मारू नकात."

कोणी मारल्या नाहीत. इतकी शांत सभा मी आयुष्यात बघितलेली नाही. दिल्लीचे नेते घड्याळ बघून उठले. मागून एक माणूस ओरडला, "मेल्या, तुका म्हायत नाय तर उबो कित्याक ऱ्हवलंस?" आणि मग मात्र हशा पिकला.

तो हरला. थोडक्यात नाही, चांगलाच हरला. ज्याला स्वतःला माहीत नाही त्याला मत कोण देणार? जो जिंकला त्याच्याकडेही सावली होती, आणि तिचं ऐकायची त्याला लाज नव्हती. विधेयक मंजूर झालं. किनाऱ्यावरचा प्रत्येक खासदार उभा राहून म्हणाला, माझ्या लोकांची ही मागणी आहे. टीव्हीवर ते बघताना मला जाणवलं, त्यांतला एकही खोटं बोलत नव्हता.

जहाजं आली. दिवसा स्वच्छ हवा असली की क्षितिजावर पांढऱ्या इमारतींची रांग दिसते. रापणीत मासे कमी झालेत का? काही म्हणतात झालेत, काही म्हणतात दरवर्षी असं होतंच. नवं शीतगृह बांधताहेत, तिथे आमच्यातली काही पोरं कामाला लागली. मला वाईट म्हणता येत नाही, चांगलं म्हणवत नाही. मी आता विधेयक वाचतोय. उशिरा सुचलेलं शहाणपण. भाषा इतकी किचकट आहे की पान संपतं तेव्हा सुरुवात विसरलेली असते. देवस्थळींचा दिवाळीला शुभेच्छांचा मेसेज आला होता. खाली लिहिलेलं, केतनरावांच्या धैर्याला सलाम.

तो मेसेज मी केतनला दाखवला नाही.

तो आता रापणीवर जातो, रोज. आळस गेलाय. परवा जाळं आत आल्यावर आम्ही दोघं उताणे पडलेलो वाळूत. मालनकाकी लांबून ओरडत होती की दोघे बाप्ये मेल्यासारखे पडलेत आणि मासे कावळे नेताहेत. केतनने डोळ्यांवर हात ठेवला होता.

"विगू."

"हां."

"माझी पण सावली व्हती ना रे थयसर?"

मी उठून बसलो. "व्हती."

"सभेच्या आदी तू तिका इचारलंस."

तो प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "इचारलंय."

"आणि त्या देवस्थळीन पण."

"तेणां पण."

त्याने डोळ्यांवरचा हात काढला नाही. मला कळत होतं तो काय हिशोब करतोय. सावली म्हणाली असेल की हा वचन देणार, तर त्या दिवशी तो स्वतःच्या सावलीपेक्षा मोठा ठरला. आणि सावली म्हणाली असेल की हा 'माका म्हायत नाय' म्हणणार, तर तेही आधीच कोणीतरी ऐकलेलं होतं, त्याने तोंड उघडायच्या आधी, आणि एक उमेदवार गेला तरी चालेल म्हणून सोडून दिलेलं होतं. खासदारकी हुकली, पक्ष गेला. त्याच्याकडे त्या सभेतलं ते एक वाक्यच उरलं होतं. ते त्याचं की नाही, हे माझ्या एका शब्दावर होतं.

"काय बोल्ली ती, माका सांगा नको," केतन म्हणाला. "आज नको. मी म्हातारो झालंय, दारू पिवान तुझ्या दारात येऊन रडलंय, पाया पडलंय, तरी नको. तू मरताना पण नको. जमतला?"

"जमतला."

"शपथ घाल."

मी मूठभर ओली वाळू उचलून त्याच्या हातात दाबली आणि म्हटलं, "नाय सांगणंय, केत्या. कदीच नाय."